नावं सुरू असतानाच अस्वस्थ का वाटतं?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न मानसशास्त्रीय थरारपटांच्या श्रेयनामावलीबद्दलचे, म्हणजे सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या नावांबद्दलचे आहेत. विचारणाऱ्यांत स्वतः लघुपट करणारे बरेच असल्याने उत्तरांत मोजमापंही दिली आहेत.

‘सायको’च्या सुरुवातीला राखाडी पट्ट्या आडव्या-उभ्या सरकतात, बस्स. चेहरा नाही, रक्त नाही, सुरा नाही. तरी पोटात गोळा येतो. हे होतं कशामुळे?
– एक प्रेक्षक, नाशिक

पट्ट्यांपेक्षा त्यांच्या वागण्यामुळे. श्रेयनामावल्या रेखाटणाऱ्या सॉल बासने १९६० साली केलेल्या या नावांत पट्ट्या कधी डावीकडून येतात, कधी उजवीकडून, कधी वरून किंवा खालून. पुढची कुठून येणार याचा अंदाज बांधावा तर तो चुकतो. चित्रपटाचं नाव तर आडवं चिरलेलं आहे: अक्षरांचे तुकडे आपल्या जागेवरून सरकलेले, क्षणभर जुळतात आणि पुन्हा निखळतात. आपण वाचायचा प्रयत्न करतो आणि वाचणं पूर्ण होऊ दिलं जात नाही. पडद्यावर घाबरण्यासारखं काहीच नसताना नजर मात्र सतत सावध राहते.

दुसरा भाग संगीताचा. संगीतकार बर्नार्ड हरमनने संपूर्ण चित्रपटासाठी फक्त तंतुवाद्यं वापरली. नावांच्या वेळी वाजणारी धावती, टोचणारी चाल पुढे नायिका चोरलेले पैसे घेऊन गाडी चालवत असते तेव्हा परत येते. तिथे दिसतो तो नुसता रस्ता, गाडीची काच आणि पाऊस. तरी आपण आसनाच्या कडेला येतो, कारण ही चाल ऐकताना काहीच धड हाती लागत नाही हे अंगाला आधीच माहीत झालेलं असतं.

चांगल्या श्रेयनामावल्या तपासून पाहा. प्रत्येक नामावली प्रेक्षकाकडून एकच गोष्ट काढून घेते. ‘सायको’ अंदाज काढून घेतो. ‘रिपल्शन’ (१९६५) अंतर काढून घेतो: पडदाभर एक डोळा, त्यावरून नावं सरकतात, आणि दिग्दर्शकाचं नाव बुबुळावरून आडवं जातं तेव्हा आपलाच डोळा आक्रसतो. भीती दाखवणाऱ्या नावांनी हे साधत नाही. रक्ताचे थेंब, कवटी, किंकाळी यांमुळे प्रेक्षकाला उलट खात्री पटते की हा भयपट आहे, आणि तो निवांत होतो. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: माझी नावं प्रेक्षकाकडून काय काढून घेणार? ओळीत दोन गोष्टी आल्या तर एक खोडा.

‘सेव्हन’सारखी खरवडलेली नावं मराठीत करायची आहेत. बाजारातले खरवडलेले फाँट वापरून पाहिले, पण ते खोटे वाटतात. हाताने कशी करावीत?
– लघुपटकार, कोल्हापूर

फाँट खोटा वाटतो कारण त्यात प्रत्येक ‘क’ सारखाच खरवडलेला असतो. माणसाचा हात दोनदा सारखं खरवडत नाही.

पण आधी ‘सेव्हन’मध्ये (१९९५) नावं तशी का आहेत ते लक्षात घ्या. काइल कूपरने केलेल्या या नावांत खुन्याचे हात दिसतात: वह्या शिवणारे, चलनी नोटेवरचा ‘गॉड’ हा शब्द कापून काढणारे, ब्लेडने स्वतःच्या बोटांची कातडी तासणारे. खुनी माणूस म्हणून समोर येतो तो फार उशिरा. तोवर तो कुठेतरी काम करतो आहे ही जाणीव या दोन-सव्वादोन मिनिटांनी पेरलेली असते. बोटांच्या ठशांचं कोडं तर पुढे उलगडतं, आणि त्याचं उत्तर आपण नावांतच पाहिलेलं असतं. अक्षरं खरवडलेली आहेत कारण ती त्याच हातांची वाटावीत. तुमच्या कथेतला माणूस शिंपी असेल तर नावं शिंप्याच्या खडूने कापडावर यायला हवीत, औषधाच्या दुकानातला असेल तर पाकिटावर बॉलपेनने. खरवडण्याला कथेत कारण असेल तरच पुढचं वाचा.

ए-फोर आकाराची पारदर्शक ॲक्रेलिक शीट घ्या. काळ्या पोस्टर रंगात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला, नाहीतर गुळगुळीत शीटवर रंग गोळा होतो. दोन हात द्या, रात्रभर वाळू द्या. मग कर्कटकाचं टोक, दाभण किंवा बोथट झालेलं ब्लेड घेऊन नाव खरवडा. रंग पुरता वाळला नसेल तर तो कडेला गोळा होतो आणि रेघ जाड, मऊ दिसते. फार दिवस ठेवला तर कपचे उडतात. दुसऱ्या दिवशी खरवडणं सगळ्यात बरं.

प्रत्येक नाव चार वेळा लिहा. गिरवू नका, नव्याने लिहा. फक्त शिरोरेषेची उंची सारखी ठेवा. नाव साधारण १२ सेंटिमीटर रुंद असू द्या. रंगाची बाजू स्कॅनरच्या काचेवर, मागे पांढरा कागद, ६०० डीपीआय. एवढ्याने २,८०० पिक्सेलच्या वर रुंदी मिळते, म्हणजे फुल एचडीत मोठं करायलाही वाव राहतो. संकलनात लेव्हल्स ओढून काळं पूर्ण काळं करा आणि थर ‘स्क्रीन’ मोडवर ठेवा, म्हणजे काळं नाहीसं होऊन फक्त अक्षरं दिसतात.

आता चारही प्रती दर दोन फ्रेमला बदला, पण ओळीने नाही: १, ३, २, ४, २, १ असं काहीही. आडवं सरकणं ४ पिक्सेलच्या आत, उभं २ च्या आत. चाळीस-पन्नास फ्रेममधून एकदाच ३०–४० पिक्सेलचा मोठा झटका, तोही एकाच फ्रेमपुरता. प्रत्येक नावाला सलग ३६ फ्रेम अशा मिळायला हव्यात की मोठा झटका नाही. चोवीसच्या गतीला हा दीड सेकंद होतो आणि नाव वाचून होतं.

दोन ठिकाणी हमखास बिघडतं. पहिलं, सगळी नावं सारख्याच जोमाने थरथरतात. दहा सेकंदांत नजर सरावते आणि मग ते नुसतं सजावटीचं होतं. तीन-चार नावं जवळजवळ स्थिर ठेवा, मग पाचवं हलू द्या. दुसरं खास देवनागरीचं आहे: जुनाट दिसावं म्हणून वरून धूळ आणि ओरखड्यांचा थर टाकला की अनुस्वार आणि धूळ एकच दिसू लागतात. ‘शिंदे’चा ‘शिदे’ होतो, आणि ज्याला अनुस्वार नाही त्याच्या डोक्यावर एक येऊन बसतो. रफारही असाच हरवतो. अनुस्वार नेहमीच्या दुप्पट खरवडा आणि धुळीच्या थराला शिरोरेषेच्या वरच्या पट्टीत मास्क लावा. माणसांची नावं आहेत ही. ती चुकता कामा नयेत.

इंग्रजी थ्रिलरमध्ये अक्षरांत भरपूर मोकळी जागा सोडलेली बारीक, सडपातळ नावं असतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. काय करावं?
– ग्राफिक डिझाइन शिकणारी विद्यार्थिनी, मुंबई

ते तंत्र सोडून द्या. रोमन अक्षरं एकेकटी उभी असतात म्हणून त्यांना दूर सारता येतं. देवनागरीत ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघेचा तुकडा उरतो, आणि प्रेक्षकाला तो फाँटचा दोष वाटतो. मोकळेपणा हवा असेल तर अक्षरांच्या मधे न ठेवता भोवती ठेवा: नाव लहान, एका ओळीत, चौकटीच्या मध्यापासून बरंच खाली किंवा कडेला, बाकी सगळा काळोख.

लहान म्हणजे किती? १०८० पिक्सेल उंचीच्या चौकटीत शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत किमान ३० पिक्सेल, आणि सर्वांत बारीक रेघ ३ पिक्सेल. त्याखाली गेलात तर नाव हलताना वेलांटी लुकलुकते. ‘रोझा वन’सारख्या, जाड-बारीक रेघांत टोकाचा फरक असलेल्या फाँटमध्ये हे आधी दिसतं. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा सरळ, शांत फाँट आहे आणि तो अनेक वजनांत मोफत मिळतो. ‘खंड’ हा फाँट अरुंद आहे, लांब नावांना बरा पडतो. पांढरा रंग शंभर टक्के ठेवू नका. अंधाऱ्या थिएटरात तो डोळ्यांवर येतो. ८० टक्क्यांच्या आसपास पुरतो.

‘सायको’सारखं चिरायचं असेल तर देवनागरीत जागा मोजून निवडावी लागते. शिरोरेषेच्या रेघेतच चीर दिली तर ती दिसतच नाही, फक्त मात्रा उडाल्यासारख्या वाटतात. शिरोरेषेखालच्या भागाच्या मधोमध दिली तर ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ ओळखू येणं कठीण होतं. शिरोरेषेपासून साधारण एक तृतीयांश खाली चिरा आणि वरचा भाग अक्षराच्या अर्ध्या रुंदीइतकाच सरकवा. मग दांड्या निखळलेल्या दिसतात आणि शब्द तरीही वाचता येतो.

अक्षरं एकेक करून आणायची असतील तर सॉफ्टवेअर ‘क्षि’चे तुकडे करून ऱ्हस्व वेलांटी आधी आणतं. आफ्टर इफेक्ट्स आणि प्रीमियरच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचं निवडा. तरी तुटलं तर इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये नाव लिहून त्याचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारात, रूपांतर करा आणि पूर्ण अक्षरागणिक वेगळे आकार हलवा. रूपांतरानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून नावांची यादी आधी प्रत्येकाकडून तपासून घ्या.

‘व्हर्टिगो’तली फिरणारी वलयं १९५८ मध्ये संगणकावर केली होती का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

आजच्या अर्थाने नाही. बासने जॉन व्हिटनीला सोबत घेतलं. व्हिटनीने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानविरोधी तोफांच्या नेमयंत्राचं, म्हणजे एका यांत्रिक गणकयंत्राचं, चित्र काढायचं यंत्र बनवलं होतं. वलयं मुळात लिसाजू आकृत्या आहेत. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये किंवा कोणत्याही आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आडवी जागा साइन ३टी आणि उभी साइन २टी अधिक फेज अशी द्या, आणि प्रत्येक फ्रेमला फेज अगदी थोडी, एखाद्या अंशाच्या अंशाने, वाढवत न्या. वेग वाढवला की ती संगीताच्या प्लेअरमधली नक्षी वाटू लागते.

वलयं तिथे शोभेला नाहीत. पुढे नायिकेच्या अंबाड्यात आणि घंटाघराच्या जिन्यात तोच फिरता आकार येतो.

बजेट नाही. घरातच डोळा, कातडी, धागा असे अगदी जवळचे शॉट घ्यायचे आहेत. मॅक्रो लेन्स नाही.
– नाट्य व चित्रपट मंडळ, सांगली

५० मिमीची साधी लेन्स आणि २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) पुरे. मोठेपणा साधारण निम्मा मिळतो, म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर चौकटीत सुमारे पावणेपाच सेंटिमीटर रुंदी मावते. पापण्यांसकट एक डोळा नीट बसतो. ट्यूबमुळे प्रकाश सव्वा स्टॉपच्या आसपास कमी होतो, म्हणजे निम्म्याहून कमी उरतो, आणि एफ-८ ठेवलं तरी फोकसची खोली काही मिलिमीटरच राहते. म्हणून फोकसची रिंग फिरवू नका. कॅमेरा स्लायडरवर किंवा खाली टॉवेल ठेवून पुढे-मागे सरकवा.

दिवा एकच, बाजूने, वस्तूच्या पातळीला. समोरून प्रकाश दिला की कातडीचा पोत जातो आणि शॉट साबणाच्या जाहिरातीचा होतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. चोवीस फ्रेमला शटर १/४८ न ठेवता १/५० ठेवा, नाहीतर प्रकाश हळूहळू वर-खाली होताना दिसेल. डोळ्याजवळ दिवा नेताना तो एलईडीच हवा, हॅलोजन मुळीच नाही, आणि एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको.

संगीत कसं निवडावं? संगीतकार प्रत्येक नावावर एक ‘धडाम’ देतो आहे.
– दिग्दर्शिका, ठाणे

ते थांबवा. तिसऱ्या नावाला प्रेक्षक लय पकडतो आणि पुढचा ठोका कधी येणार हे त्याला कळतं. नाव ठोक्याच्या चार-पाच फ्रेम आधी किंवा नंतर येऊ द्या. ‘व्हर्टिगो’च्या संगीतात हरमनने सुरांच्या दोन साखळ्या उलटसुलट दिशेने चालवल्या आहेत: एक चढते, एक उतरते, आणि चाल कुठेच विसावत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जावर येण्याची वाट पाहायला लावून येत नाही. तुमच्या संगीतकाराला एवढंच सांगा की शेवटचं नाव गेलं तरी सा लागू देऊ नकोस.

अस्वस्थ खर्ज हवा असेल तर दोन सूर अगदी जवळ ठेवा. २२० आणि २२३ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात. वेग दीडवर आणला की ते हृदयाच्या ठोक्यांसारखं वाटतं. ४०–५० हर्ट्झचा घुमारा थिएटरात छातीत जाणवतो, पण मोबाइलच्या स्पीकरवर तो अजिबात ऐकू येत नाही. त्याच सुराच्या वरच्या पटी, २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात, हलक्या मिसळा. मिक्स झाल्यावर एकदा मोबाइलवर, हेडफोनशिवाय, ऐका.

जुनी पाश्चात्त्य रचना घेणार असाल तर हक्क दोन असतात. रचना मोफत झालेली असली तरी तुम्ही वापरता ते ध्वनिमुद्रण नसू शकतं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. वादकाकडून नव्याने वाजवून घ्या.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र, तंबाखूविरोधी फिल्म, मग आभारांची यादी. एवढ्यानंतर वातावरण कसलं निर्माण होणार?
– निर्माता, पुणे

प्रमाणपत्राला पर्याय नाही. तंबाखूचा नियम मात्र चित्रपटात तंबाखू किंवा धूम्रपान दिसलं तरच लागतो. तेव्हा सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांची आरोग्यफिल्म, २० सेकंदांचं निवेदन आणि दृश्य चालू असताना खाली इशारा द्यावा लागतो. सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीलाही हे लागू आहे. मग पटकथेच्या टप्प्यावरच ठरवा: नायकाच्या हातातली ती एक सिगारेट सुरुवातीच्या पन्नास सेकंदांइतकी मोलाची आहे का? बहुतेक वेळा नसते. विचार करणारा माणूस दुसरंही काही हातात धरू शकतो.

आभारांची यादी शेवटी न्या. कोणाला सुरुवातीचाच शब्द दिला असेल तर एका कार्डावर जास्तीत जास्त तीन नावं. सगळ्या सूचना संपल्यावर चार सेकंद पूर्ण काळोख आणि पूर्ण शांतता ठेवा, मग चित्र येण्याआधी आवाज सुरू करा. थिएटरातली कुजबुज त्या चार सेकंदांत थांबते.

ग्लिच आणि लखलखाट वापरावा का?
– यूट्यूबर, सोलापूर

पूर्ण पडदा उजळणारे झोत सेकंदाला तीनपेक्षा जास्त नकोत. काही जणांना त्याने फेफरं येऊ शकतं. ग्लिच हा यंत्राचा बिघाड आहे. कथेत यंत्र नसेल तर तो कोणाचा, हा प्रश्न उरतो.

सोळा मिनिटांच्या लघुपटाला किती लांबीची नावं? आणि ग्राफिक काहीच न करता नुसत्या दृश्यांवर नावं टाकली तर परिणाम होईल का?
– लघुपटकार, रत्नागिरी

अर्ध्या मिनिटाच्या आत. सात कार्डं, प्रत्येकी अडीच सेकंद, मधे एकेक सेकंदाची मोकळी जागा, म्हणजे सुमारे २४ सेकंद. त्यात न मावणारी नावं शेवटी.

नुसत्या दृश्यांवर होतो, आणि कधी कधी जास्त खोल होतो. ‘द शायनिंग’ (१९८०) मध्ये मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचा स्वच्छ, सुंदर डोंगरी रस्ता आहे. कॅमेरा हेलिकॉप्टरमधून एका छोट्या पिवळ्या गाडीचा पाठलाग करतो. पाहतंय कोण, ते कळत नाही. नावं निळसर रंगात खालून वर सरकतात, जशी चित्रपट संपल्यावर सरकतात. गाडी अजून पोहोचायची आहे आणि शेवट सुरू झाल्यासारखं वाटतं. ‘गॉन गर्ल’ (२०१४) मध्ये सकाळच्या वेळचं एक साधं गाव आहे. फक्त नावं डोळ्यांना सवय असते त्यापेक्षा किंचित लवकर विझतात, आणि काहीतरी निसटतंय ही भावना राहते. हे करून पाहायला पैसे लागत नाहीत: तुमच्या सोयीच्या लांबीतून आठ ते दहा फ्रेम कापा. त्याहून जास्त कापलं तर कलाकार रागावतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

वर सरकणारी यादी करणार असाल तर वेग फ्रेमला पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा, २ किंवा ३. अडीच ठेवला की अक्षरं थरथरतात. ३ च्या वेगाने एक नाव पडद्याच्या तळापासून माथ्यापर्यंत १५ सेकंदांत जातं.

दृश्यांसाठी चित्रीकरणाच्या दिवसांतच वेळ राखून ठेवा. कथेतल्या जागा माणसांविना, तिपाईवरून, प्रत्येकी ४० सेकंद घ्या. निम्मं संकलनात जाईल. प्रत्येक जागी कॅमेरा बंद करून दोन मिनिटं तिथला नुसता आवाज वेगळा मुद्रित करा, पंखा आणि फ्रिज बंद ठेवून. रत्नागिरीत असाल तर समुद्राचा आवाज सगळ्या ट्रॅकवर येईल. कथेत समुद्र नसेल, तर किनाऱ्यापासून दूर, बंद खोलीत आणि ओहोटीच्या वेळी मुद्रण करा.